राखणीची गोफण आणि छर्‍यांची बंदूक

माण-खटावात रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की राखण सुरू होते. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा, घसा बसेपर्यंत हाकारायचं. दाणा दुधाळ असतानाच पाखरांची धाड पडते ना! तिकडे तासगावच्या द्राक्षबागांत तीच डोकेदुखी पोपट-साळुंक्यांची. चोच लागलेले चार मणी घडाचा भाव उतरवतात.

मग कुणाला तरी छर्‍यांची बंदूक आठवते. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिमीपर्यंतची नळी आणि 20 जूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. ही ताकद किरकोळ समजू नका. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा तेवढ्या ऊर्जेने सेकंदाला 280 मीटरच्या आसपास सुटतो. पण बंदुकीला परवाना नको म्हणजे पाखरू मारायला मुभा, हा निव्वळ गैरसमज. पोपट-साळुंक्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. कावळा पूर्वी ‘उपद्रवी’ यादीत होता. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. आता केंद्र सरकारने ठराविक भागापुरती, ठराविक मुदतीची अधिसूचना काढली, तरच एखादा वन्यप्राणी उपद्रवी ठरतो.

शिवाय थव्यातलं एक पाडलं तर बाकीची उडतात आणि घटकाभरात पुन्हा येऊन बसतात. बागेवर जाळी टाकणं खर्चाचं खरं, पण चोच अडते ती तिथेच. ज्वारीला गोफण बरी. तिचा दगड पाखराला बहुधा लागतही नाही. काम करतो तो सुटतानाचा ‘फट्’ आवाज.