सर्पगंधा आणि तिची अंगणातील भावंडे

रक्तदाब वा मधुमेहाच्या ज्येष्ठ रुग्णाला मी हटकून विचारतो, “या गोळ्यांखेरीज आणखी काय घेता?” आपल्या जिल्ह्यात उत्तर पुष्कळदा ठरलेले असते : “औषध काही नाही; सकाळी सदाफुलीची चार पाने तेवढी.” पाला म्हणजे औषध नव्हे, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे.

सदाफुली करवीर कुलातील. कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, आणि सर्पगंधा ही तिची भावंडे. सर्पगंधा हे दमट रानाच्या सावलीतील लहानसे झुडूप. बालाघाटच्या कोरड्या माळावर ते आपोआप उगवत नाही, पण त्याचे चूर्ण आणि गोळ्या दुकानात मिळतात. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील त्याचा गुण १९४९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या मुळातून रेझर्पीन वेगळे काढले गेले. मात्र काही रुग्णांना त्याने खिन्नता येई, नाडी मंदावे. पुढे अधिक सुसह्य औषधे आली. झोपेसाठी म्हणून घेतलेल्या ‘आयुर्वेदिक’ गोळीत सर्पगंधा असू शकते. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळीत तिची भर पडली, की पहाटे उठताना भोवळ येते आणि खुब्याचे हाड मोडते. नैराश्य, कंपवात किंवा जठरव्रण असणाऱ्यांनी तर ती टाळावीच.

सदाफुलीची गोष्ट अधिक विलक्षण. मधुमेहावर उपयोग होतो का, हे कॅनडात तपासताना उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. त्यातूनच कर्करोगावरील विनब्लास्टिन हाती लागले. मुलांच्या रक्तकर्करोगात वापरले जाणारे विनक्रिस्टिनही याच झाडाचे. पेशी मारणारी अशी द्रव्ये चार पानांतून किती पोटात जातात, याला माप नाही.

कण्हेर आणि बिट्टी मात्र उघड विषारी. कुंपणाला ती लावतात ती जनावरे सहसा तोंड लावत नाहीत म्हणूनच. देवाला फूल अवश्य वाहावे. पण काडीचे दातवण करू नये, मुळी उगाळून घेऊ नये. वाळवून वा उकळूनही विष जात नाही. डिगॉक्सिन घेणाऱ्यांना धोका अधिक, कारण परिणाम त्याच जातीचा. बिट्टीच्या बियांनी आम्हीही लहानपणी खेळलो आहोत. नातवंडांना मात्र खेळू देऊ नका. पोटात गेल्याची शंका आली, तर उलटी करवण्यात वेळ दवडू नये. त्रास दिसत नसला तरी १०८ ला दूरध्वनी करून, हृदयालेख काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. सोबत त्या झाडाची डहाळी किंवा बी घ्यावी; डॉक्टरांना ओळख पटते.