फुलपाखरू कोणत्या कुळातलं? – रंग, पाय आणि अळी

उष्णकटिबंधातली फुलपाखरं म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ॲमेझॉनचं जंगल येतं. तितकं लांब जायला नको. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि नंदुरबार जिल्हा साधारण 21 ते 22 अंशांच्या पट्ट्यात. म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर हे सगळं उष्णकटिबंधातच येतं. आपलं जंगल पानगळीचं आहे, एवढाच फरक. पावसाळ्यात सातपुडा हिरवागार असतो, आणि होळीच्या सुमारास उघडाबोडका, नुसता पळस फुललेला. या पानगळीचा वर्गीकरणाशी संबंध आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी शरीर. डोकं, वक्ष आणि उदर असे तीन भाग. डोक्यावर दोन संयुक्त डोळे, दोन स्पर्शिका आणि गुंडाळून ठेवलेली सोंड. ही सोंड कोषातून बाहेर येताना दोन वेगळ्या अर्ध्या नळ्यांची असते. फुलपाखरू त्या एकमेकींना जुळवून घेतं, मग तिची एक नळी होते. वक्षाला चार पंख आणि सहा पाय. पंखांवर कौलांसारखे रचलेले खवले असतात, रंग त्यांचाच. बोटाला लागते ती पूड म्हणजे हे खवले. खवले गेले की उरतो पारदर्शक पडदा आणि त्यातल्या शिरा. वर्गीकरण करणाऱ्याला रंगापेक्षा या शिरांची मांडणी जास्त भरवशाची वाटते.

आता पाय. मी सहा म्हटलं, पण बागेतली पुष्कळ फुलपाखरं चारच पायांवर बसलेली दिसतील. पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात आणि त्यांच्यावर ब्रशसारखे केस असतात. म्हणून या कुळाला मराठीत कुंचलपाद म्हणतात. नाव ज्यांनी कुणी योजलं त्यांना दाद द्यायला हवी, कारण नावातच ओळख आहे.

भारतात फुलपाखरांची सहा कुळं आहेत: पुच्छ, पीतश्वेत, कुंचलपाद, नील, मुग्धपंखी आणि चपळ. सगळी सारखी समजावत बसत नाही. चपळ कुळाच्या स्पर्शिकांचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं आणि त्या डोक्यावर एकमेकींपासून लांब उगवतात. पीतश्वेत कुळातली पिवळी-पांढरी फुलपाखरं सहाही पायांवर उभी राहतात. मुग्धपंखीत तर नराचे पुढचे पाय आखूड आणि मादीचे पूर्ण!

पुच्छ कुळाच्या नावाने मात्र गडबड होते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, 2015 मध्ये जाहीर झालं. ते पुच्छ कुळातलं, पण त्याला शेपटीच नाही! उलट नवाब नावाच्या फुलपाखराला मागच्या पंखांवर शेपट्या असतात आणि ते असतं कुंचलपाद. म्हणजे शेपटीवर विसंबायचं नाही. पुच्छ कुळाची खरी खूण अळीत सापडते. लिंबाच्या झाडावरच्या हिरव्या अळीला काडीने हलकेच डिवचा. मानेतून दोन शिंगांसारखा, उग्र वासाचा अवयव बाहेर येतो. तो या कुळातल्या अळ्यांनाच असतो.

रंग किती फसवतो याचं उदाहरण रस्त्याकडेच्या रुईवर आहे. तिथे प्लेन टायगर दिसतं: नारिंगी पंख, टोकं काळी, त्यात पांढरे ठिपके. त्याची अळी रुईची पानं खाते, त्यातली विषारी द्रव्यं अंगात साठतात, आणि पक्षी एकदा अनुभव घेतला की पुन्हा वाटेला जात नाहीत. आता डॅनिड एगफ्लाय बघा. तिची अळी घोळ खाते, आपल्या भाजीतली घोळ. मादी बिनविषारी, पण वेष हुबेहूब प्लेन टायगरचा. तिचा स्वतःचा नर मात्र काळा, त्यावर निळसर झाक असलेले मोठे पांढरे ठिपके. कुणालाही ही तीन वेगळी फुलपाखरं वाटतील. आहेत दोनच. ओळख मागच्या पंखावर आहे: प्लेन टायगरच्या मध्यभागाजवळ तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेला एकच.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. 2022च्या दुरुस्तीपर्यंत डॅनिड एगफ्लाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत होतं, वाघाच्या पंक्तीला. प्लेन टायगर त्या यादीत नव्हतं. एक ठिपका आणि तीन ठिपके यांत एवढं अंतर होतं.

कॉमन मॉरमॉनच्या माद्या तर एकाच जातीत तीन वेषांत वावरतात. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोजसारखी, तिसरी क्रिमझन रोजसारखी. हा वेष कोण ठरवतं? 2014 मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की सगळा कारभार डबलसेक्स नावाच्या एका जनुकाकडे आहे.

आता पानगळीकडे येऊ. इव्हिनिंग ब्राऊन हे संध्याकाळी घराच्या आसपास उडणारं तपकिरी फुलपाखरू. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असतात. पक्ष्याची चोच धडावर न पडता पंखाच्या कडेला पडावी, हा त्यांचा उपयोग. कोरड्या दिवसांत ते ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख अगदी वाळलेलं पान. गवत पिवळं पडलेलं, खाली पाचोळा, त्यात ते दिसतच नाही. अळी कोणत्या हवामानात वाढली यावर हे ठरतं. पीकॉक पॅन्सीचंही असंच. लिनियसने 1758 मध्ये तिच्या दोन ऋतूंतल्या दोन रूपांना दोन वेगळ्या जातींची नावं देऊन टाकली होती! तेव्हा तोरणमाळला ऑगस्टमध्ये एक यादी केली आणि मार्चमध्ये दुसरी, तर दोन्हींची बेरीज करताना जपून.

मग खात्री कशी करायची? अळी पाळून. अंडं घ्या, अन्नवनस्पती द्या, काय बाहेर येतं ते बघा. हे काम आपल्याकडे फार निष्ठेने करणाऱ्यांत जेम्स डेव्हिडसन हे सनदी अधिकारी होते. 1890 मध्ये एटकेन यांच्याबरोबर त्यांनी मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोष यांवर टिपणं छापली, पुढे बेल यांनाही बरोबर घेऊन उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवर लिहिलं. पण त्याआधी हेच डेव्हिडसन पश्चिम खानदेशात होते, म्हणजे आपल्याच भागात. इथल्या पक्ष्यांची यादी त्यांनी केली आणि रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले.

रानपिंगळ्याचं थोडं सांगतो, कारण नमुन्याच्या चिठ्ठीचं मोल त्यातून कळतं. 1884 नंतर हा पक्षी कुणाला सापडला नव्हता, फक्त 1914चा एक नमुना संग्रहात होता, गुजरातमधल्या मांडवीचा. पामेला रासमुसेन यांनी दाखवलं की ती चिठ्ठी खोटी आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसनांचा जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर आपलं ठिकाण आणि तारीख लावली होती. ती नोंद बाजूला ठेवून शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला.

म्हणून मोबाइलवर फुलपाखराचा फोटो काढाल तेव्हा पंखांची खालची बाजू घ्या, पाय दिसतील असा एक घ्या, कोणत्या झाडावर होतं ते लिहा, गावाचं नाव आणि तारीख लिहा. झाडाचं नाव पावरीत किंवा भिलीत माहीत असेल तर तेच लिहा. पुस्तकातलं नाव नंतर शोधता येतं.

एक प्रश्न आला आहे: लिंबावरच्या अळ्यांवर फवारणी करावी का? झाड मोठं असेल तर अजिबात नको, त्याला नवी पानं फुटतात. रोपवाटिकेतली रोपं मात्र अळी उघडी पाडते, तिथे हाताने वेचून मोठ्या झाडावर सोडा. डाळिंबाचं वेगळं. फळ पोखरणारी ती अळी नील कुळातल्या फुलपाखराचीच, पण ती फळाच्या आत असते. एकदा आत शिरली की फवारा तिथवर पोचत नाही. फुलं आणि कोवळ्या फळांवरची अंडी शोधा आणि भोक पडलेली फळं तोडून नष्ट करा.