वस्तीची मोजणी वस्तीनेच करावी : भायखळ्याच्या फुटपाथवरचा धडा

वस्ती पाडण्याची नोटीस आली की आपण काय करतो? नगरसेवकाकडे धावतो, ओळखीचा वकील शोधतो, मोर्चा काढतो. हे सगळे करावेच लागते. पण मोर्चाचे शिष्टमंडळ आत गेले आणि अधिकाऱ्याने विचारले, "वस्तीत घरे किती? किती वर्षांपासून? कागद कोणाकडे आहेत?" की आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. मग त्याच्या फाइलीत जो आकडा असतो तोच खरा ठरतो. चाळीस वर्षांपूर्वी भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतः तयार केले. त्यांनी ते कसे केले, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

१९८४ साली मुंबईत 'स्पार्क' ही स्वयंसेवी संस्था सुरू झाली. तिने कामाला सुरुवात केली ती भायखळ्याच्या फुटपाथवर झोपड्या बांधून राहणाऱ्या स्त्रियांबरोबर. या कुटुंबांकडे रेशनकार्ड नव्हते, पत्ता नव्हता. पालिकेची गाडी यायची, भांडीकुंडी उचलून न्यायची आणि बाया पुन्हा त्याच जागी संसार मांडायच्या.

१० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. वकिलीचे शिक्षण घेणारा प्रत्येक विद्यार्थी आजही हा निकाल वाचतो. पण निकालाची दुसरी बाजू आपण विसरतो. नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही न्यायालयाने कायम ठेवला. मुदत होती ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंतची, म्हणजे पावसाळा संपल्यानंतर एक महिन्यापर्यंतची.

त्याच वर्षी स्पार्क आणि फुटपाथवासीयांनी मिळून स्वतःचीच गणना केली. सुमारे सहा हजार कुटुंबे, सुमारे सत्तावीस हजार माणसे. 'आम्ही अदृश्य माणसे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल निघाला. हे लोक कालपरवा आलेले नाहीत, वर्षानुवर्षे इथेच राहतात, जवळच कष्टाची कामे करतात आणि बसभाडे वाचवण्यासाठी कामाच्या जागेशेजारी झोपतात, हे त्यातून पुढे आले. ज्यांची कुठेही नोंद नव्हती, त्यांची नोंद त्यांनी स्वतः केली.

पुढे १९८६ साली या स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. तिसरा जोडीदार होता 'राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ'. त्याचे नेते जोकिन अर्पुथम हे मानखुर्दच्या जनता कॉलनीचे. ही सुमारे सत्तर हजार लोकांची वस्ती १९७६ साली आणीबाणीत उठवली गेली आणि लोकांना चिता कॅम्पला हलवले. वस्ती तुटल्यावर काय होते हे अर्पुथम यांनी स्वतः भोगले होते. केवळ विरोध करून भागत नाही, पर्याय घेऊन टेबलावर बसावे लागते, हे त्यांचे मत त्या अनुभवातून बनले.

महिला मिलनचे रोजचे काम साधे होते. एक बाई रोज घरोघर जाऊन बचत गोळा करायची. कोणी पाच रुपये द्यायची, कोणी एक. अडीनडीला त्यातूनच कर्ज मिळायचे. पण पैशाइतकेच महत्त्वाचे होते ते रोजचे दार ठोठावणे. कोणाचे मूल आजारी आहे, कोणाला नवरा मारतो, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यातून कळायचे. पोलीस ठाण्यात आणि रेशन कार्यालयात बाया एकट्या न जाता गटाने जायला शिकल्या. घर कसे हवे हेही त्यांनीच ठरवले. साडीने लांबी-रुंदी मोजली, पोटमाळा बसेल एवढी उंची मागितली आणि खऱ्या मापाच्या घराचा नमुना उभारून सरकारी अधिकाऱ्यांना बोलावून दाखवला. १९९५ साली राज्याच्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीयांचा समावेश झाला. त्यामागे दहा वर्षांची ही तयारी होती.

पुण्यातले उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९९ नंतर रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने वस्त्यांमध्ये चारशेहून अधिक सामुदायिक शौचालये बांधली गेली. स्पार्क आणि तिच्या जोडीदार संघटना त्यात होत्या. आराखड्यात लहान मुलांसाठी वेगळी जागा होती, देखभालीची जबाबदारी वस्तीकडे होती. आतला अधिकारी संवेदनशील आणि बाहेरची वस्ती संघटित, अशा दोन्ही बाजू जुळल्या म्हणून ते झाले.

या कामावर टीकाही झाली आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. मुंबईच्या रेल्वे व रस्ते प्रकल्पात हजारो कुटुंबांचे पुनर्वसन झाले, त्यात स्पार्कचा मोठा वाटा होता. पण कामधंदा दूर गेला, दुकानदारांचे नुकसान झाले, अशा तक्रारी २००४ साली थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या. सरकारबरोबर काम करणारी संस्था लोकांची राहते की सरकारची कंत्राटदार होते, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. आमच्या मते त्याचे उत्तर एकच : वही आणि निर्णय वस्तीच्या हातात असले पाहिजेत. संस्था मदतीला असावी, मालक नसावी.

आज शहरोशहरी पुनर्विकासाचे फलक लागत आहेत. आपल्या अनेक वस्त्या त्या रांगेत आहेत. आपल्याकडे विहार आहे, जयंती मंडळ आहे, शिकलेली मुले-मुली आहेत. जयंतीची वर्गणी घरोघर जाऊन गोळा करणारी हीच मुले एक वही घेऊन पुन्हा त्याच दारांवर जाऊ शकतात. घर क्रमांक, राहणारी माणसे, कधीपासून राहतात, कोणते कागद आहेत, काम कुठे आहे, एवढी पाच रकान्यांची नोंद दोन रविवारांत होते. भाडेकरू आणि एकट्या राहणाऱ्या बायांची नावे गाळू नका. पुनर्वसनाच्या यादीतून सर्वांत आधी तीच गळतात. नोंद झाल्यावर ती विहारात सर्वांसमोर वाचून दाखवा, चुका तिथेच दुरुस्त करा आणि एक प्रत महिला मंडळाकडे ठेवा.

हे काम नोटीस येण्याआधी करायचे आहे. येत्या रविवारी सुरुवात करा.