चाकामागची डिस्क अडकली तर

गटाच्या पापड-लोणच्यासाठी जुनी गाडी घेतलेल्या भगिनींसाठी आजची माहिती. चाळीसगावहून कन्नडचा घाट उतरता-चढताना, नाहीतर धुळ्याजवळ लळिंगचा उतार लागला, की सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून पॅड झिजले की लगेच बदलायचे. पॅड निघतात, पण त्यामागची लोखंडी चकती, म्हणजे डिस्क, हलता हलत नाही. ‘तोडूनच काढावी लागेल’ असं ऐकून घाबरू नका.

ती अडकते कशामुळे? डिस्क बिडाची असते आणि चाकाच्या हबवर घट्ट बसते. पावसाळ्यात पाणी-चिखल मधल्या फटीत शिरतो, गाडी दारात उभी राहते आणि गंज धरतो. गंजलेलं लोखंड फुगतं, ते डिस्कला आवळून धरतं. एकात एक अडकलेली पातेली आठवा. नुसती ओढून निघत नाहीत, फिरवत फिरवत ठोकली की सुटतात. इथंही तसंच.

आधी गाडी सपाट जागेवर. पुढच्या चाकाचं काम असेल तर हँडब्रेक ओढायचा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. मग जॅक लावून गाडी उचला आणि खाली घोडी ठेवा. ही घोडी नसेल तर काम सुरूच करू नका. आपण पुढं हातोडा मारणार आहोत. त्या हादऱ्यानं नुसत्या जॅकवरची गाडी घसरते, आणि खाली हात-पाय असतात. विटांच्या थप्पीचाही भरवसा नको, वीट फुटते.

चाक काढलं की कॅलिपर सोडून तारेनं वर टांगायचा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी खराब होते. त्यामागचा कंसही दोन बोल्टांनी बसलेला असतो, तो काढल्याशिवाय डिस्क येणारच नाही. काही गाड्यांत डिस्कवर एखादा छोटा स्क्रू असतो. तो राहिला आणि तासभर ठोकाठोक चालली, असंही होतं.

आता गंज सोडवणारं तेल हबच्या मधल्या कडेला आणि बोल्टांच्या मुळाशी मारा. अर्धा तास थांबा, चहा घ्या. तेल मारल्यावर तिथं आग, गॅस अजिबात न्यायचा नाही. मग बोल्टांच्या मधल्या जागेत हातोडा मारायचा, एक ठोका, जरा फिरवा, दुसरा ठोका. डिस्क परत लावायची असेल तर मध्ये लाकडाचा तुकडा धरा आणि पॅड घासतात त्या चकचकीत भागावर मारूच नका. डोळ्यांवर चष्मा हवा, गंजाचे कपचे उडतात.

बऱ्याच डिस्कला दोन आटे पाडलेली भोकं असतात. ती उगाच नाहीत. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा आवळा, डिस्क आपोआप पुढं सरकते. एकच बोल्ट आवळला तर ती तिरकी होऊन जास्तच अडकेल.

मागच्या ड्रमचं थोडं वेगळं. तिथं हँडब्रेक सोडायचा आणि दगड पुढच्या चाकांना लावायचे. काही छोट्या गाड्यांत ड्रममध्येच बेअरिंग असतं, मधला मोठा नट सोडावा लागतो. ते काम गॅरेजवर द्या. ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक.

डिस्क निघाली की हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं साफ करा. नाहीतर नवी डिस्क तिरकी बसते आणि ब्रेक दाबताना पायाला थरथर लागते. जुनीच लावणार असाल तर तिच्यावर कोरलेली कमीत कमी जाडी बघा. त्याखाली गेली तर भंगारात. तेलाचा एक थेंबही डिस्कवर राहता कामा नये.

सगळं बसवून चाकाचे नट समोरासमोर आवळले, की गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचा पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला पेडल खाली जाईल, कारण पॅड अजून डिस्कला टेकलेले नसतात. मग गल्लीतच सावकाश चार-पाच वेळा थांबवून बघा, आणि घाट दुसऱ्या दिवशी.