डिस्चार्ज दहाला, रिक्षा साडेपाचला

सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, ‘आजोबा, आज घरी जायचं बरं का!’ सून लगेच पिशव्या भरायला घेते. रिक्षा गेटबाहेर पडते मात्र संध्याकाळी साडेपाचला. मधले साडेसात तास गेले कुठे, हा प्रश्न राउंड घेणाऱ्याला सहसा पडत नाही. तो केव्हाच पुढच्या खाटेपाशी गेलेला असतो. ज्या डॉक्टरला हा प्रश्न छळू लागतो, त्याने रुग्णालय व्यवस्थापनाचा विचार करायला हरकत नाही.

त्या तासांचा माग काढून पाहा. डिस्चार्ज कार्ड लिहिणारा रेसिडेंट ओटीत अडकलेला. उरलेली औषधं फार्मसीत परत जायची, लॅबची शेवटची रक्कम बिलात चढायची. मग फाइल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे. कॅशलेस डिस्चार्जला विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यावी, असं विमा नियामकाने मे 2024 मध्ये बजावलं आहे. पण हे घड्याळ सुरू होतं रुग्णालयाची विनंती पोहोचल्यावर. फाइल दोन वाजेपर्यंत वॉर्डातच पडून असेल, तर विमा कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. शंभर खाटा कायम भरलेल्या आहेत आणि रुग्ण सरासरी साडेचार दिवस राहतो, तर रोज बावीस नवे रुग्ण घेता येतात. तोच मुक्काम चार दिवसांवर आला, की पंचवीस. नवी भिंत न बांधता तीन जणांची सोय! डॉक्टर समोरच्या माणसाचा असतो. प्रशासकाला मात्र कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर खाटेची वाट बघणाऱ्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसाचाही व्हावं लागतं. माझ्या मते सगळा बदल एवढाच आहे, आणि तोच सर्वांत अवघड.

शिक्षणाची सोय आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो; पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात याच विषयात एमडी करता येतं. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मात्र काल सिझेरियन करणारा डॉक्टर आज वैद्यकीय अधीक्षक होतो, आणि इंडेंट, कोटेशन, ऑडिट हे शब्द खुर्चीत बसल्यावरच शिकतो. ओपीडी सुटत नाही, ती वेगळीच! भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. वायरिंगची तपासणीही जीव वाचवते, हे वैद्यकीय अभ्यासक्रमात कुणी घोकून घेत नाही.

व्यवस्थापनात जाण्याआधी मनाची तयारी हवी. कालचे सहकारी म्हणतील, ‘आता तू मॅनेजमेंटचा माणूस.’ मेट्रन ड्यूटीचा तक्ता पुढे टाकतील, मावशी पगाराचं गाऱ्हाणं मांडतील, आणि दोन्हींवर गोळी लिहून देता येणार नाही. टाके घातले की जखम मिटलेली दिसते. इथे घेतलेल्या निर्णयाचं बरं-वाईट कळायला वर्ष जातं.

म्हणून प्रॅक्टिस एकदम सोडू नका. आधी आपल्याच रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीचं काम मागून घ्या. आठवड्यातून एक ओपीडी ठेवा. आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी न चुकता नूतनीकृत करा. परत फिरावंसं वाटलं, तर तीच लागेल.