कोरफडीचा ‘अर्क’ म्हणजे नक्की काय?

कोरफडीचं पान कापलं की आधी सालीलगतचा पिवळा, कडू चीक गळतो. पारदर्शक गर त्याच्या आत. दोन्ही वेगळी द्रव्यं आहेत. चिकात अ‍ॅलॉइन असतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि जुलाब होतात. हाच चीक आटवला की काळा बोळ. अमेरिकेत २००२ मध्ये एफडीएने बिनचिठ्ठीच्या रेचकांतून तो काढायला लावला, कारण कंपन्यांनी सुरक्षिततेची माहितीच दिली नव्हती. गर म्हणजे जवळपास ९९ टक्के पाणी. उरलेल्यात असिमॅननसारखी पॉलिसॅकराइडं. किरकोळ भाजल्यावर लावतात तो हा.

त्यामुळे पेपरमध्ये नुसतं ‘अ‍ॅलोवेरा अर्क’ दिसलं तर निष्कर्षाकडे पळू नका, आधी मेथड्स वाचा. गर घेतला की अख्खं पान? चीक निथळू दिला का? अ‍ॅलॉइन मोजलं का? तुमच्या सिनॉप्सिसमध्येही हे लिहा, गाईडने विचारायच्या आधीच.