माँटेनेग्रो: खिशात युरो, डोक्यावर डॉलरचं कर्ज

आजचा एपिसोड एका छोट्या देशाबद्दल आहे. माँटेनेग्रो, म्हणजे 'काळा डोंगर'. बाल्कन भागात, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर. लोकसंख्या जेमतेम सव्वासहा लाख.

हा देश २००६ मध्ये सर्बियापासून वेगळा झाला, तोही काठावर. सार्वमतात ५५ टक्के मतं हवी होती, मिळाली ५५.५ टक्के. म्हणजे जवळपास अर्धा देश या निर्णयाच्या विरोधात होता. सर्बियाच्या जवळ राहायचं की पश्चिमेकडे जायचं, हा वाद आजही तिथल्या प्रत्येक निवडणुकीत असतो.

आता खरी गंमत ऐका. माँटेनेग्रो युरोपियन युनियनमध्ये नाही, तरी तिथे युरो चालतो! १९९९ मध्ये, युगोस्लाव्ह दिनारची वाट लागलेली असताना, त्यांनी जर्मन मार्क वापरायला सुरुवात केली. २००२ मध्ये मार्क बंद झाला, मग आला युरो. कुणाशी करार नाही, काही नाही.

फायदा उघड आहे. पर्यटकाला पैसे बदलायची कटकट नाही, आणि लोकांचा चलनावर भरवसा बसतो. पण तोटाही मोठा आहे. अडचण आली तर नोटा छापता येत नाहीत आणि चलनाची किंमतही कमी करता येत नाही. युरो बाहेरूनच यायला हवेत: निर्यातीतून, पर्यटनातून, परदेशातून येणाऱ्या पैशातून, नाहीतर कर्जातून.

आणि निर्यात फारच कमी. ॲल्युमिनियम, वीज, थोडीफार वाइन. उलट खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून गाड्यांपर्यंत बरंच काही बाहेरून येतं, त्यात मोठा वाटा सर्बियाचा. आयात निर्यातीच्या कित्येक पट आहे. हा खड्डा बऱ्याच अंशी भरून काढतं पर्यटन, म्हणजे अर्थव्यवस्थेचा साधारण पाव हिस्सा.

मग आला हायवे. बार बंदरापासून सर्बियाच्या सीमेवरच्या बोल्यारेपर्यंत. वाट सगळी डोंगरातून, म्हणजे बोगदे आणि पूलच पूल. २०१४ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने ९४ कोटी ४० लाख डॉलरचं कर्ज दिलं. मुदत २० वर्षं, व्याज २ टक्के. काम चिनी कंपनीकडे, आणि वाद झालाच तर निवाडा बीजिंगमध्ये.

व्याज कमीच आहे की, मग अडलं कुठे? चलनात! देश कमावतो युरोत, फेडायचं डॉलरमध्ये. समजा एका युरोला १.३५ डॉलर मिळतायत, तर १०० डॉलरचा हप्ता ७४ युरोत फिटतो. युरो घसरून १.१० वर आला की त्याच हप्त्याला ९१ युरो लागतात. आणि २०१४ ते २०१५ मध्ये युरो खरोखरच असा घसरला होता.

त्यात २०२०. कोविडमुळे पर्यटक गायब, अर्थव्यवस्था सुमारे १५ टक्क्यांनी आकसली आणि सरकारी कर्ज जीडीपीच्याही वर गेलं. त्याच वर्षी मिलो जुकानोविच यांचा पक्ष तीस वर्षांनी सत्तेबाहेर गेला. म्हणजे सही जुन्या सरकारची आणि २०२१ मधला पहिला हप्ता नव्या सरकारच्या गळ्यात.

नव्या सरकारने युरोपियन युनियनकडे मदत मागितली. उत्तर आलं: दुसऱ्याचं कर्ज आम्ही फेडत नाही. शेवटी पाश्चात्त्य बँकांशी करार झाला आणि डॉलरच्या चढउताराचा धोका काही काळासाठी झाकला गेला. रस्त्याचा पहिला ४१ किलोमीटरचा तुकडा २०२२ मध्ये सुरू झाला. पण तो ना बंदराला पोचतो, ना सर्बियाच्या सीमेला. मालवाहतुकीचा मूळ हिशेब तेवढ्यात कसा जमणार? पुढच्या टप्प्यासाठी मात्र युरोपकडून कर्ज आणि अनुदान आहे.

आता पंतप्रधान मिलोइको स्पायिच यांचं लक्ष्य आहे २०२८ पर्यंत युनियनचं सदस्य होण्याचं. देश नाटोमध्ये २०१७ पासूनच आहे. सदस्यत्व मिळालं तर स्वस्त निधीचं दार उघडेल. पण एक पेच उरतोच. नियम सांगतो आधी सदस्य व्हा, अटी पूर्ण करा, मग युरो घ्या. यांनी तर शेवटची पायरी आधीच चढून ठेवलीय!

म्हणून यापुढे कुठल्याही देशाच्या कर्जाची बातमी ऐकली, तर नुसता आकडा आणि व्याजदर बघू नका. कमाई कोणत्या चलनात आणि फेड कोणत्या चलनात, हे आधी विचारा.